सहा महिन्यांचा कोर्स आला, आता पेशंटकडे लक्षही द्या

मा. संपादक,

एमडीआर टीबीसाठी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी, सहा महिन्यांचा नवीन कोर्स सरकारी कार्यक्रमात आलाय, त्याबद्दल लिहितेय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं बीपाल्मला मंजुरी दिली, म्हणजे बेडाक्विलिन, प्रेटोमानिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, सगळ्या गोळ्या, इंजेक्शन एकही नाही. ज्यांनी घरात जुनी ट्रीटमेंट बघितलीय त्यांना विचारा ही केवढी मोठी गोष्ट आहे. आधी दीड-दोन वर्षं औषधं चालायची आणि त्यात कित्येक महिने कानामायसिनची इंजेक्शनं, सुई टोचायला जागा उरायची नाही, आणि किती तरुण पोरापोरींचे कान त्यात कायमचे गेले. मुंबईची नंदिता वेंकटेशन त्यातलीच. तिनं आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिलेनं बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायच्या अर्जाला इथं विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट ऑफिसनं ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा तो अर्ज फेटाळला. स्वतः भोगलेल्या पोरींनी लढून हे औषध स्वस्त व्हायची वाट मोकळी केलीय हे विसरून चालणार नाही.

पण कोर्स छोटा झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. यातलं लिनेझोलिड फार त्रास देऊ शकतं. माझ्या धाकट्या दिराला आधीच्या लांब कोर्समध्ये ते चालू होतं. एक दिवस तो रिक्षातून उतरून घरात आला तर एकाच पायात चप्पल, दुसरी वाटेतच कुठंतरी पडलेली आणि याला पत्ताच नाही, तळव्याला काही लागतच नव्हतं. मुंग्या येत होत्या म्हणे आधीपासून, पण त्याला वाटलं आजारानं अशक्तपणा आलाय म्हणून बोलला नाही, आणि दर महिन्याला गोळ्या देणाऱ्यांनीही पायाचं कधी विचारलं नाही. मग घाबरून त्यानं सगळ्याच गोळ्या बंद केल्या, परत चालू करायला आम्हाला नाकी नऊ आले.

लिनेझोलिडनं रक्त कमी होतं, नजर धूसर होते, रंग नीट ओळखू येत नाहीत, आणि हे लवकर कळलं तर डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर ते तेवढं थांबवतात. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनसाठी ईसीजी बघावा लागतो. म्हणजे रक्त, डोळे, ईसीजी सगळं वेळच्यावेळी व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं, रक्त एका बिल्डिंगमध्ये, ईसीजी दुसरीकडे, डोळ्यांची ओपीडी तिसऱ्याच दिवशी, आणि पेशंट नाक्यावर उभा राहून रोजच्या रोज काम मिळवणारा. तो तीन दिवसांची मजुरी बुडवेल का? नोव्हेंबर २०२४ पासून सरकारकडून टीबी पेशंटला मिळणारे पोषणाचे महिन्याला ५०० चे १००० रुपये झाले ते चांगलंच झालं, पण कामाचे खाडे भरून काढायला ते कुठं पुरणार! बीपाल्मची ट्रायल झाली त्यात ८९ टक्के पेशंटचा निकाल चांगला आला, जुन्या औषधांवाल्यांचा ५२ टक्के. पण ट्रायलमधल्या पेशंटवर सतत नजर होती हो, तेवढं आपण देणार का हा माझा प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे रिपोर्ट. सीबीनॅट मशीनवर किंवा आपल्या गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅट मशीनवर तपासलं की टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन चालत नाही हे काही तासांत कळतं, पण मॉक्सिफ्लॉक्सासिन चालतंय का हे बघायला एलपीए नावाची वेगळी तपासणी लागते आणि त्याचं सॅम्पल मोठ्या लॅबला जातं. तोवर औषध सुरू करावं हे बरोबरच आहे, पण रिपोर्ट आल्यावर तो कुणीतरी उघडून बघून गोळ्या बदलल्या पाहिजेत ना, फाईलमध्ये लावून ठेवण्यासाठी नसतो तो. शिवाय हा कोर्स १४ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत, त्यांना वेगळी औषधं लागतात, ती पण सेंटरवर पाहिजेत.

औषधाच्या साठ्याचं तर बोलायलाच नको. २०२४ च्या मार्चमध्ये साध्या टीबीच्या गोळ्या संपल्या तेव्हा केंद्रानं राज्यांना तुमचं तुम्ही खरेदी करा असं कळवलं होतं. प्रेटोमानिडच्या बाबतीत असं झालं तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळणार आहे का? गोळ्यांचे खाडे पडले की जंतू बेडाक्विलिनलाही दाद देईनासे होतात, मग हातात काय राहिलं? २०१२ मध्ये हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉ. झरीर उदवाडियांनी तपासलेलं कुठलंच औषध चालत नाही असे पेशंट जगापुढे मांडले होते, ते आपल्या मुंबईतच सापडले होते.

तेव्हा महापालिकांना आणि जिल्हा क्षयरोग केंद्रांना माझी कळकळीची विनंती आहे की बीपाल्मवरच्या पेशंटसाठी महिन्यातला एक दिवस ठरवा, त्याच दिवशी एकाच छताखाली रक्त, डोळे आणि ईसीजी करून महिन्याच्या गोळ्या द्या, आणि पायाला मुंग्या येतात का हे तोंडानं विचारा, त्याला मशीन लागत नाही. प्रत्येक सेंटरवर किती दिवसांचा साठा शिल्लक आहे हेही बाहेर बोर्डावर लिहा.

आपली,
एक वाचक, मानखुर्द