सड्याला वेगळा रंग दे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तालुक्याचा नकाशा आईच्या फोनवर मोठा करकरून पाहिला. काम नेटकं आहे. पण अख्खा सडा, एवढं कातळाचं पठार, करड्या रंगात टाकून त्याला ‘नापीक’ म्हटलंस, तिथे अडलो. सातबारावर तो पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत आहे, खरं. ती नोंद शेतसाऱ्यासाठी झाली होती. जमीन राखायच्या आराखड्यात तीच उचलून कशी चालेल?

उपग्रहचित्र मार्च-एप्रिलचं घेतलंस ना? पावसाळ्यात कोकणावरचे ढग हटत नाहीत, म्हणून सगळे उन्हाळ्याचंच चित्र उचलतात, आणि तेव्हा कातळ तव्यासारखा रखरखीत. सप्टेंबरअखेरचा एखादा निरभ्र दिवस सापडतो का बघ. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात, तूच म्हणालीस. त्यात गवत दिसेल, डबकी दिसतील. गेंद आणि सीतेची आसवं ही इवली फुलं मात्र वाकूनच बघावी लागतात. खालच्या वाडीच्या विहिरींना पाणी झिरपतं तेही याच कातळातून.

एक गंमत सांगतो. तुझा पिक्सेल, चित्रातला एक चौकोनी ठिपका, दहा मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. मोजणीत जन्म गेलेल्या माणसाला हे फार आवडलं! पण काशेलीच्या सड्यावर कोरलेला एवढा अवाढव्य हत्तीसुद्धा मग दोन-तीन पिक्सेलांत गडप. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तुझ्या नकाशात मात्र तिथे नुसता करडा ठिपका. आणि कागदावर ‘नापीक’ आलं की चिरेखाणीला किंवा सुरुंग लावून कलमं करायला नाही म्हणायला कारणच उरत नाही.

म्हणून सड्याचा वर्ग वेगळा कर. डबकी, देवराई, गुरांच्या वाटा, शिल्पं यांचे थर निराळे ठेव. गुराख्याला सोबत घे. पाणी कुठे कधीपर्यंत टिकतं ते त्याला पाठ असतं.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना गावनकाशा बसवताना व्हाळ (ओढा) नि रस्त्याचं वळण खुणेला धरू नकोस, ते सरकतात. शिवेचे दगड धर, आणि चारच खुणांवर भागवू नकोस. मोबाईलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. डबक्याला चालेल, बांधाला नाही. भावकीत डोकी फुटतील.

आई विचारते, गणपतीला किती दिवस येतेस? विसर्जनानंतर दोन दिवस ठेव, सड्यावर जाऊ. शेवाळ असतं, धड बूट आण.

बाबा