निवृत्तीपत्र झाले, नोटीस राहिली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर नोटिसा येतात. वारसाच्या, गहाळ खरेदीखताच्या, नावबदलाच्या. चाळीस वर्षे मी ते पान न वाचताच उलटत आले. तसली एक दहा ओळींची नोटीस दिली नाही म्हणून माझ्या थोरल्या भावाचा प्लॉट विकावा लागला.

मोंढ्यातल्या बी-बियाणे आणि खतांच्या दुकानात दादा वीस टक्क्यांचा भागीदार. २०१४ मध्ये तिघांचे पटेनासे झाले. हिशेब झाला, दादा भागीदारीतून बाहेर पडल्याचे निवृत्तीपत्र स्टॅम्पपेपरवर झाले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, वर चहाही झाला. उरलेल्या दोघांनी पुढे उधारीवर माल उचलला. २०१८ च्या दुष्काळात शेतकऱ्यांकडची वसुली थांबली आणि खताच्या घाऊक व्यापाऱ्याने दावा लावला तो तिघांवर. "मी तर केव्हाच बाहेर पडलो," असे दादा म्हणाला, तेव्हा वकिलांनी एवढेच विचारले, "जाहीर नोटीस दिली होती?"

भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ३२ प्रमाणे, ज्या घेणेकऱ्याने तुम्हाला भागीदार म्हणून ओळखले आहे, त्याच्यापुरते तुम्ही जाहीर नोटीस निघेपर्यंत भागीदारच. नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायची. फर्म नोंदलेली असेल तर फर्मची नोंद ठेवणाऱ्या निबंधकांनाही कळवायचे. निवृत्तीआधीचे देणे मात्र नोटिशीनेही सुटत नाही, त्याला घेणेकऱ्याची संमती लागते.

दादाला वाटले, फार तर वीस टक्के भरावे लागतील. तो वाटा नफ्याचा! देण्याला कलम २५ लागते. सगळे मिळून जबाबदार आणि प्रत्येक जण एकटाही पूर्ण रकमेला जबाबदार. एकाचे घर बँकेकडे गहाण, दुसरा गाव सोडून गेलेला. सापडला तो दादा. भरलेली रक्कम साथीदारांकडून मागायचा हक्क त्याला आहे, पण त्यांच्याकडे आहे काय?

मला खरी धास्ती वाटते ती घरोघरच्या 'सहीपुरत्या' भागीदार बायकांची. आयकर वाचावा म्हणून नाव घातलेले, दुकानाचा उंबरा कधी ओलांडलेला नाही, वर्षाकाठी एक सही. धर्मरूढीप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाहीत तेवढे दागिने सोडले, तर त्यांचे बाकीचे दागिनेही फर्मच्या देण्यातून सुटत नाहीत. अठराच्या आतल्या मुलाला भागीदारीचा लाभ दिला, तर कायदा निदान त्याच्या दुकानातल्या वाट्यापलीकडे जात नाही. आईला तेवढीही सवलत नाही. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची, म्हणजे भागीदाराची जबाबदारी ठरलेल्या रकमेपुरतीच ठेवणारी, भागीदारी आली खरी, पण आमच्या मोंढ्यात अजून जुन्याच मसुद्यात नावे बदलून भागीदारीपत्रे टाइप होतात.

आपल्याला एक विनंती. भागीदार निवृत्त झाल्याच्या नोटिसा इतर गर्दीत न टाकता वेगळ्या मथळ्याखाली छापाव्यात. उधार माल देणारा व्यापारीही त्या वाचेल. दर थोडा कमी ठेवता आला तर फारच बरे.

– एक निवृत्त शिक्षिका, परभणी