पाणी घातलं की आधीचं रीडिंगही बदला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला घरी वाइन करण्याचा लेख छान होता, पण त्यात एक घोळ आहे आणि तोच घोळ मी स्वतः दोन वर्षं घालत होतो म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की हायड्रोमीटरचं (रस पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणारं तरंगतं उपकरण, साध्या पाण्यात 1.000 दाखवतं) सुरुवातीचं रीडिंग लिहून ठेवा, शेवटचं घ्या, वजाबाकी करून 131 ने गुणा, झाली अल्कोहोलची टक्केवारी. ठीक आहे, पण रस फार गोड असेल तर मधे पाणी घाला असंही त्याच लेखात आहे, मग ते सुरुवातीचं रीडिंग खरं राहिलं कुठे?

माझंच बघा ना. 4 लिटर रस, हायड्रोमीटर 1.100 वर. यीस्ट टाकलं, दुसऱ्या दिवशी फेस धरल्यावर 1 लिटर पाणी ओतलं. शेवटी आलं 0.996. हिशोब केला तर साडेतेराच्या वर टक्के, मी जाम खूश! पिणारे म्हणाले पाणचट आहे, मला वाटलं यांना काय कळतंय. कळत मलाच नव्हतं.

खरा हिशोब सोपा आहे. 1.100 मधले 1 च्या पुढचे 100 पॉइंटच फक्त घ्यायचे. 100 गुणिले 4 लिटर म्हणजे 400, तेच आता 5 लिटरमध्ये पसरले म्हणजे 80. सुरुवात 1.080 धरायची आणि मग अल्कोहोल येतं 11 टक्के. अख्ख्या 1.100 लाच 4 ने गुणून 5 ने भागू नका, 0.880 येईल, म्हणजे गोड रस पाण्यापेक्षा हलका (हेही मी करून झालोय).

ज्यांचं मीटर ब्रिक्स दाखवतं त्यांनी मात्र लिटर धरू नये, ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर, तिथे वजन लागतं. माझा तो 4 लिटर रस 4.4 किलो भरतो, पाणी 1 किलो, म्हणून ब्रिक्सला 4.4 ने गुणून भागायचं 5.4 ने.

आणि पाणी घातल्यावर नीट ढवळल्याशिवाय रीडिंग घेऊ नका, जड रस तळाशी बसतो, वर नुसतं पाणी. नळीत हायड्रोमीटर सोडला की बोटांनी गर्रकन फिरवा, बुडबुडे चिकटले तर तो वर उचलला जातो आणि साखर उगाच जास्त दिसते.

पाण्याने आंबटपणाही त्याच हिशोबात उतरतो, लिटरला 8 ग्रॅम आम्ल असेल तर 6.4 होतं, त्यावर लेखात एक ओळही नाही. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल का?

– एक नियमित वाचक