मॅग्नेट म्हणजे नुसती खाण नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

एप्रिल २०२५ मधे चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसकट ७ रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हापासून पेपरात खाणी, साठे, इलेक्ट्रिक गाड्या यावर बरंच येतंय, चांगलंच आहे, पण या मूलद्रव्यांत चुंबकत्व येतं कुठून ते कुणीच सांगत नाही. मी परभणीत बीएस्सीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो म्हणून लिहावं वाटलं.

त्या सातातलंच गॅडोलिनियम घ्या. त्याच्या अणूत ४एफ नावाच्या आतल्या कक्षेत ७ इलेक्ट्रॉन, सगळ्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनला चिमुकलं चुंबक बनवणारा गुणधर्म) एकाच दिशेला, पण ते अणूत इतके आत दडलेले की शेजारच्या अणूशी त्यांची थेट गाठच पडत नाही, निरोप्याचं काम करतात ते ५डी-६एस या बाहेरच्या कक्षांतले फिरते इलेक्ट्रॉन. म्हणून बँड स्ट्रक्चरच्या, म्हणजे धातूत इलेक्ट्रॉनला कोणकोणती ऊर्जा असू शकते ते दाखवणाऱ्या, आलेखात ४एफच्या रेघा जवळपास सपाट दिसतात आणि बाकीच्या चांगल्या वरखाली जातात. हा आलेख कॉम्प्युटरवर काढायचं साधं डीएफटीचं (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून पदार्थाचे गुण काढायची पद्धत) गणित इथं फसतं, ४एफच्या रिकाम्या पातळ्या फर्मी लेव्हलच्या (भरलेल्या पातळ्या जिथं संपतात ती सीमा) फार जवळ आणून ठेवतं, हबर्ड यू (एकाच अणूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात त्याची दुरुस्ती) घातला की त्या वर सरकतात आणि भरलेल्या खाली. आणि साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गॅडोलिनियम फेरोमॅग्नेट (लोखंडासारखं पक्कं चुंबकीय) राहतच नाही, म्हणजे मे महिन्यात आमच्याकडे तर विषयच सोडा! इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीत वापरतात त्या निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबकत्व मात्र साधारण ३१० अंशापर्यंत टिकतं, ते त्यातल्या लोखंडामुळं.

असं डीएफटीचं गणित करणारं क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, गॅडोलिनियमचं छोटं गणित बऱ्यापैकी लॅपटॉपवर होतं, आमची पोरं करू शकतात. तेव्हा आठवड्याला अर्धा कॉलम तरी अशा विज्ञानाला द्या, मराठीतून, ही कळकळीची विनंती.

आपला वाचक,
एक प्राध्यापक, परभणी