उसातल्या 'एआय'चा विषय ग्रामसभेत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-साताऱ्याकडे सध्या कुठल्याही शेतकरी मेळाव्याला जा, कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक तरी भाषण असतंच. विषय निघतोय हे चांगलंच आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उसात प्रयोग केले, राज्य मंत्रिमंडळानं जून 2025 मध्ये 'महाअॅग्री-एआय' धोरण मंजूर करून त्यासाठी 500 कोटींची तरतूद केली, आणि बघता बघता हे तंत्र आमच्या बांधापर्यंत आलं. तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. बोलणारे सगळे व्यासपीठावर आणि ज्यांच्या रानात ते उतरणार ते सगळे खाली गप्प, ही रीत मात्र मला खटकते.

आमच्या तालुक्यात अशाच एका मेळाव्याला गेलो होतो. पडद्यावर उपग्रहाची रंगीत चित्रं, मग टनेजचे आकडे, मग टाळ्या. शेवटी मागच्या रांगेतल्या एक ताई उठल्या. माईक त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, तशाच मोठ्यानं म्हणाल्या, "आमचं वीस गुंठं रान. ह्यानं सांगितलं आन चुकलं, तर भरून कोण देणार?" वक्त्यांनी मान डोलावली, "चांगला प्रश्न आहे, नंतर बोलू" म्हणाले आणि निवेदकानं जेवणाची घोषणा केली. ताई थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. सबंध दोन तासांत कामाचा प्रश्न तेवढा एकच आला होता आणि तोच अनुत्तरित राहिला.

हे तंत्र असं चालतं: रानात हवामानकेंद्राचा खांब उभा राहतो, मुळांपाशी ओल मोजणारे सेन्सर बसतात, वरून उपग्रहाची छायाचित्रं येतात. या सगळ्याची सांगड घालून पाणी कधी सोडायचं, खत किती घालायचं, कुठल्या कोपऱ्यात रोग दिसतोय, याचा सल्ला मोबाईलवर मिळतो. कृष्णाकाठची कितीतरी जमीन जादा पाण्यानं क्षारपड झाली आहे. कमी पाण्यात तोच ऊस येणार असेल, तर ते आम्हाला हवंच आहे. पण ज्या रानांच्या नोंदींवर हे यंत्र शिकलं, त्यांत क्षारपड रान किती होतं? आडसालीचं (दीड वर्षाच्या उसाचं) आणि खोडव्याचं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं) रान वेगळं धरलंय का? आणि माझ्या फडात किती टन निघणार हे माझ्याआधी कारखान्याला कळणार असेल, तर ती माहिती कुणाच्या मालकीची? असे प्रश्न विचारणाऱ्याला लगेच प्रगतीच्या आड येणारा ठरवू नये.

ऊस उत्पादकाला यंत्रावर आंधळा विश्वास ठेवायला कुणी शिकवायला नको. काटामारीवरून, म्हणजे काट्यावर उसाचं वजन कमी दाखवण्यावरून, या पट्ट्यात किती आंदोलनं झाली! वजनकाट्यावर आकडा दिसतो म्हणून तो खरा, असं आम्ही कधी मानलं नाही. म्हणून तर काट्याला वैधमापन विभागाची पडताळणी लागते, शंका आली तर फेरतपासणी मागता येते. मोबाईलवर सल्ला देणाऱ्या यंत्राची पडताळणी कोण करणार? तक्रार घेऊन कुठल्या दारात जायचं?

फार्मर आयडीचंही, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी ओळख क्रमांकाचंही, तसंच झालं. 15 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला, लोकांनी सेतू केंद्रावर रांगा लावल्या, आधार दिलं, ओटीपी सांगितला, मोकळे झाले. आमच्या गावात तरी ही माहिती पुढे कुणाकुणाच्या हाती जाते यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे, हेही चावडीवर कुणी सांगितलं नाही.

गावानं तंत्रज्ञानाबद्दल स्वतः ठरवल्याचं उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद राहतील. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली आणि पोरांच्या हातातून तो सुटेना, म्हणून हे करावं लागलं. दीड तासाच्या भोंग्यानं एआयचे प्रश्न सुटणार नाहीत, हे मला कळतं. पण तिथं बायाबापड्यांसह गाव बसलं, बोललं आणि ठराव केला. कुठल्या कंपनीच्या माणसानं येऊन सांगायची वाट पाहिली नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

"हे मराठीत समजावणं अवघड" ही सबब तर ऐकूनही घेऊ नये. शेजारच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड 1976 साली आला आणि जगातलं विज्ञान त्यात मराठीतच मांडलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. तंत्र आणणाऱ्यांना तिथं बोलवावं, भाषण थोडं आणि प्रश्नोत्तरं जास्त ठेवावीत. ऊसतोडीला येणाऱ्या माणसांचंही ऐकावं, कारण हार्वेस्टर वाढले की पहिला घाव त्यांच्या कोयत्यावर बसतो आणि त्यांना तर इथं मतही नसतं. सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. करार कुणाशी झाला, सभासदाची माहिती कुणाला दिली, सल्ला चुकल्यास भरपाई कोण देणार, हे तिथं विचारण्याचा सभासदाला हक्क आहे. हे प्रश्न आधीच लेखी देऊन पोच घ्यावी, नाहीतर ते 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलले जातात आणि तोवर निम्मा मंडप रिकामा झालेला असतो.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद,
ता. पलूस, जि. सांगली