आई-बाबांच्या तिकिटाविषयी

टोरंटो

ती. स्व. दादास,
साष्टांग नमस्कार.

आई-बाबांसाठी तू पाठवलेले तिन्ही मार्ग पाहिले. त्यांच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असल्यामुळे प्रश्न इथे उतरण्याचा नाही, मधल्या विमानतळाचा आहे.

न्यूअर्कवरून येणारे तिकीट सोडून दे. अमेरिकेत इमिग्रेशन न ओलांडता पुढचे आंतरराष्ट्रीय विमान पकडण्याची सोय नाही. दोनच तास थांबायचे असले, तरी भारतीय पासपोर्टला सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा (म्हणजे वाटेत फक्त विमान बदलण्यासाठीचा) किंवा पर्यटक व्हिसा लागतो. लंडनचे तिकीट चालेल. एरवी आपल्याला तिथे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो, पण कॅनडाचा चालू व्हिसा जवळ असला की त्यातून सूट मिळते.

तिसरा मार्ग, म्हणजे आधी फ्रँकफर्ट, मग पॅरिस आणि तिथून टोरंटो, वरवर निरुपद्रवी दिसतो. शेंगेन देशांतही, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतही, कॅनडाच्या व्हिसाधारकांना विमानतळ ट्रान्झिट व्हिसा माफ आहे, परंतु ती माफी इमिग्रेशनच्या अलीकडे राहणाऱ्यालाच आहे. फ्रँकफर्ट ते पॅरिस हे उड्डाण शेंगेनच्या दृष्टीने देशांतर्गत असल्याने फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन ओलांडावे लागते, आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा हवा.

शिवाय ही दोन वेगवेगळी तिकिटे आहेत. विद्यार्थी असताना मीही अशीच दोन तिकिटे काढून तिकडे यायला निघाले होते. काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावरचा नियम दोनदा वाचला आणि सांगितले, की बॅग फ्रँकफर्टपर्यंतच जाईल, पुढच्या विमानात आपोआप चढणार नाही, आणि ती घ्यायला पट्ट्यापर्यंत जायचे तर इमिग्रेशनपलीकडे जावे लागेल. पुढचा बोर्डिंग पास मी आदल्या रात्रीच ऑनलाइन काढला होता, तेवढ्यावर निभावले. तिथेच फरशीवर बॅग उघडून कागदपत्रे आणि दोन कपडे पाठपिशवीत भरले, आणि बॅग पोहोचवायला आलेल्या मैत्रिणीबरोबर परत पाठवली. तेव्हा त्या बाईंचा राग आला होता. पण अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेल्यास दंडही विमान कंपनीला होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते, त्यामुळे त्या तरी काय करणार!

काउंटरवरचे लोक हे नियम आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टिमॅटिक या यंत्रणेत पाहतात. तिकीट विकणाऱ्याचे ‘काही लागत नाही’ हे आश्वासन तिथे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून तू स्वतः ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर राष्ट्रीयत्व वगैरे विचारलेली माहिती भरून उत्तर छापून घे व ते बाबांच्या पासपोर्टसोबत ठेव. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा.

लंडनचे तिकीट टोरंटोपर्यंत एकाच बुकिंगमध्ये काढ. बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटचा कोड ‘वायवायझेड’, म्हणजे टोरंटोचाच, आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी बाबांना वाचून पाहायला सांग.

तुझी धाकटी बहीण