मांजराला घर देताना घाई नको

मा. संपादक, स. न.

शेजारच्या आजी वारल्या आणि त्यांची ९ वर्षांची मांजर माझ्या दारात येऊन बसली. माझा बोका तिला जवळ फिरकू देईना, म्हणून तिच्यासाठी घर शोधायला घेतलं. पहिलंच कुटुंब हौसेनं घेऊन गेलं आणि चौथ्या दिवशी टोपलीसकट परत आणून दिली. तक्रार एकच, ‘ती पलंगाखालून बाहेरच येत नाही.’

चूक माझी होती. कुणीतरी ‘हो’ म्हणालं या आनंदात मी काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही.

मांजर आपली जागा वासावरून ओळखते. जागा बदलली की ती लपणारच. सुरुवातीला एकच छोटी खोली द्यावी, तिथे पाणी, वाळूचा ट्रे आणि जुन्या घरातली न धुतलेली चादर ठेवावी. ओढून बाहेर काढू नये, नुसतं जमिनीवर बसून राहावं. रुळायला कधी आठवडे लागतात. मात्र दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं; उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या वेळी मी सगळं विचारलं. घरातल्या सगळ्यांना मांजर हवी आहे ना? खिडक्यांना जाळी आहे? फुलदाणीत लिली असते का? लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिचे स्वभावही सांगितले : उचललेलं आवडत नाही, पोटाला हात लावला की चावते, रात्री ओरडते. हे ऐकून दोघे मागे फिरले. बरं झालं.

पिल्लांच्या बाबतीत तर फारच घाई होते. महिन्याभराचं पिल्लू खायला लागलं की ‘मोठं झालं’ म्हणून देऊन टाकतात. ते निदान ८ आठवडे, जमलं तर १२ आठवडे आईजवळ राहायला हवं. किती जोरात चावायचं हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. आणि मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, म्हणून देण्याआधी नसबंदीचं बोलून घ्यावं. घरात नीट सांभाळलेली मांजर १५ वर्षं सहज जगते. ९ वर्षांची म्हणजे काही म्हातारी नव्हे.

देणाऱ्यांना एक विनंती. ‘नाही जमलं तर कुठे सोडू नका, माझ्याकडे आणा’ हे स्पष्ट सांगा आणि महिनाभर फोन करत राहा.

आजींची मांजर आता एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे आहे. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला. अगदी हळू आवाजात बोलत होत्या, कारण ती पहिल्यांदाच त्यांच्या पायाला टेकून झोपली होती.

आपली,
एक वाचक